दाढेवरची सिरॅमिक कॅप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रूट कॅनालवरील लेखानंतर आलेल्या पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत वारंवार आली आहे : समोरच्या दातांना सिरॅमिक ठीक, पण दाढेला ते झेपते का? त्यामुळे या वेळचा सबंध स्तंभ याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : माझे वय ५४ आहे. खालच्या डाव्या पहिल्या दाढेचे रूट कॅनाल दीड महिन्यापूर्वी पूर्ण झाले. डॉक्टरांनी कॅपचे तीन पर्याय सांगितले : आतून धातू व वरून सिरॅमिक असलेली, ई-मॅक्स आणि झिरकोनिया. तिन्हींच्या किमतींत बरेच अंतर आहे. माझ्या मोठ्या बहिणीच्या दाढेवर १९९०च्या सुमारास पूर्ण सिरॅमिकची कॅप बसवली होती, ती दोन वर्षांत दुभंगली. तेव्हापासून ‘दाढेला धातूच हवा’ असे आमच्या घरात ठरून गेले आहे. सिरॅमिकची कॅप दाढेवर खरोखर टिकते का? — एक वाचक, सातारा

उत्तर : निर्णय कोणताही घ्या, पण कॅप लवकर बसवून घ्या. रूट कॅनाल करताना दाढेच्या मधोमध वाट पाडलेली असते आणि उरलेल्या भिंती एकमेकींना धरून ठेवणारे छप्पर गेलेले असते. अशी दाढ शेंगदाण्याच्या चिक्कीच्या एका तुकड्यानेही उभी चिरू शकते, आणि चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून बहुधा इलाज राहत नाही. कॅपच्या प्रकाराचा विचार करण्यात आणखी दोन महिने घालवणे हे चुकीची कॅप निवडण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे.

आपल्या बहिणीचा अनुभव खरा आहे आणि त्या काळाला धरूनही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील चार्ल्स लँड यांनी पोर्सिलेनची कॅप प्रचारात आणली. त्या प्रकारचे पोर्सिलेन वाकवण्याच्या चाचणीत साधारण ६० ते १०० मेगापास्कल एवढा ताण सोसते. समोरच्या दातांवर ते चालून जाते. दाढेवर मात्र जोर लावून चावताना ५० ते ७० किलो वजनाइतका भार पडू शकतो, पटाशीच्या दातांवर त्याचा तिसरा-चौथा हिस्सा येतो. १९८०च्या दशकात ओतीव काचेसारख्या सिरॅमिकच्या कॅप आल्या. त्या दिसायला सुरेख होत्या, पण दाढांवर त्यांतील बऱ्याच फुटल्या. म्हणूनच १९६०च्या दशकापासून रूढ झालेली धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप इतकी वर्षे दाढांचे राज्य सांभाळून होती, आणि आपल्या घरातला नियम त्या वेळेपुरता अगदी योग्य होता.

त्यानंतर दोन पदार्थांनी चित्र बदलले. पहिला लिथियम डायसिलिकेट, ज्याला सगळे ई-मॅक्स या व्यापारी नावानेच ओळखतात. या काचेच्या आत सुईसारखे स्फटिक दाटीवाटीने, एकमेकांत अडकून वाढवलेले असतात, त्यामुळे पुढे सरकणाऱ्या चिरेला सरळ वाट मिळत नाही. याची ताकद ३६० ते ५०० मेगापास्कलच्या घरात जाते. दुसरा झिरकोनिया. तो ९०० ते १२०० मेगापास्कलपर्यंत पोचतो, आणि त्याचा गुण केवळ कठीणपणाचा नाही. चिरेचे टोक जिथे पोचते तिथले झिरकोनियाचे कण आपली रचना बदलतात आणि सुमारे ४ टक्क्यांनी फुगतात. हा फुगवटा चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतो. सिरॅमिकमध्ये असे स्वतःला सावरण्याचे सामर्थ्य असावे, ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते.

आता टिकण्याविषयी. २०१५ साली दंतशास्त्रातील अनेक अभ्यास एकत्र करून एक विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांनंतर तोंडात शाबूत असलेल्या कॅपचे प्रमाण धातू-सिरॅमिकसाठी सुमारे ९५ टक्के, लिथियम डायसिलिकेट व त्याच्या जवळच्या प्रकारांसाठी सुमारे ९७ टक्के आणि झिरकोनियासाठी सुमारे ९२ टक्के आढळले. जुन्या पोर्सिलेनच्या कॅप यांच्या मागे होत्या. याच आढाव्यात पुढचे दात आणि दाढा यांची तुलनाही होती : जुने पोर्सिलेन आणि झिरकोनिया हे दोन्ही दाढांवर उणे ठरले, तर बाकीचे प्रकार दोन्ही जागी जवळजवळ सारखे वागले.

सर्वांत बळकट पदार्थ मागे कसा पडला, हा प्रश्न आपल्या मनात आलाच असेल. उत्तर कॅपच्या बांधणीत आहे. त्या अभ्यासांतील झिरकोनियाच्या कॅप बहुतांशी दोन थरांच्या होत्या. आत झिरकोनियाची वाटी आणि वर सौंदर्यासाठी नेहमीचे पोर्सिलेन. झिरकोनियातून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे भट्टीतून काढल्यावर कॅप सर्वत्र सारखी थंड होत नाही आणि वरच्या थरात ताण कोंडून राहतो. अशा कॅपमधली वाटी फुटत नाही, वरचा टवका उडतो. माझ्याच हातून अशा काही कॅप बसल्या आहेत. त्यांतील एका बाईंच्या वरच्या दाढेचा टवका भाकरीचा घास चावताना गेला. त्या मला दाखवायला तो कागदाच्या पुडीत घेऊन आल्या होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढा, शिंपल्याच्या तुकड्यासारखा चकचकीत. खालचा झिरकोनिया जसाच्या तसा होता. त्या दिवसापासून मी दाढेसाठी दोन थरांची झिरकोनियाची कॅप सुचवत नाही. आता संपूर्ण कॅप एकाच ठोकळ्यातून कोरून काढता येते, टवका उडायला वर वेगळा थरच उरत नाही, आणि दाढांवर अशा एकसंध कॅपची कामगिरी निश्चितच बरी आहे.

म्हणून आपल्या डॉक्टरांना ‘झिरकोनिया चांगला का?’ एवढेच न विचारता ‘कॅप एकसंध आहे की वर पोर्सिलेनचा थर आहे?’ असे विचारावे. दुसरा प्रश्न झिरकोनियाच्या प्रतीविषयी असावा. अलीकडे अधिक पारदर्शक, दातासारखा दिसणारा झिरकोनिया मिळतो. त्याची पारदर्शकता घटकांचे प्रमाण बदलून आणलेली असते, आणि त्या बदलात चिरेला दाबून धरण्याचा वर सांगितलेला गुण बराचसा गमावलेला असतो. त्याची ताकद साधारण ५०० ते ७०० मेगापास्कलवर येते. उपदाढेला ती पुरेशी आहे. मागच्या दाढेला, आणि विशेषतः रात्री दात खाण्याची सवय असलेल्या माणसाला, मी जुना, थोडा अपारदर्शक प्रकारच देईन. तिथे रंगाची बारीक छटा पाहायला कोणी येत नाही.

पदार्थाविषयी एवढे सांगूनही कॅपच्या आयुष्यात त्याचा वाटा लोक मानतात त्यापेक्षा लहान आहे, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. मोठा वाटा खालच्या दाताचा. हिरडीच्या वर दाताची दीड ते दोन मिलिमीटर उंचीची सलग निरोगी भिंत सर्व बाजूंनी उरलेली असावी लागते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव आवळून बसते तशी कॅपची कड त्या भिंतीला मिठी मारते आणि चावण्याचा जोर दाढ फाकू देत नाही. ही भिंतच नसेल, सगळा डोलारा आत भरलेल्या सिमेंटवर उभा असेल, तर सोन्याची कॅपही दगा देईल.

त्यानंतर येते जाडी. सिरॅमिक दाबाला भक्कम असते पण ताणाला कच्चे, आणि चीर बहुधा आतल्या पृष्ठभागावरून किंवा कडेवरून सुरू होते. लिथियम डायसिलिकेटला चावण्याच्या पृष्ठभागावर साधारण दीड मिलिमीटर जागा हवी, एकसंध झिरकोनियाला एक मिलिमीटरच्या आसपास पुरते. दाताच्या कंगोऱ्यांना गोलाई द्यावी लागते, कारण खालचा एखादा टोकदार कोपरा वरच्या सिरॅमिकला पाचरीसारखा काम करतो. आपल्या तोंडात वर-खालच्या दाढांमध्ये किती जागा आहे हे मला इथून दिसणार नाही. ती पुरेशी असेल तर लिथियम डायसिलिकेट, कमी असेल किंवा आपण दात खात असाल तर एकसंध झिरकोनिया, असा माझा सर्वसाधारण कल राहील. खर्चाची ओढ असेल तर धातू-सिरॅमिक कॅप घेण्यात कोणताही कमीपणा नाही. दाढेवर तिचा इतिहास या दोघांपेक्षा दीर्घ आहे. आपल्या घरातला नियम मोडण्याची सक्ती नाही, मात्र आता तो पाळलाच पाहिजे असेही राहिलेले नाही. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कृत्रिम दंतशास्त्र विभाग आहेत, तिथे खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात कॅप होते. वेळ अधिक द्यावा लागतो, एवढाच फरक.

प्रश्न : वर्षापूर्वी माझ्या वरच्या उजव्या दाढेवर झिरकोनियाची कॅप बसवली. कॅपला काही झालेले नाही, पण तिच्यासमोर येणारी खालच्या जबड्यातली माझी स्वतःची दाढ आता गार पाण्याने शिवशिवते. झिरकोनिया इतका कठीण असतो की तो समोरचा दात झिजवतो, असे एका परिचिताने सांगितले. हे खरे आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : कठीण वस्तू समोरच्या वस्तूला झिजवतेच असे नाही. झीज होते ती खडबडीतपणामुळे. पाटा टाकी लावलेला असेल तरच त्यावर वाटण बारीक होते, गुळगुळीत झालेल्या पाट्यावर वरवंटा नुसता सरकतो. आरशासारखा घासून चकचकीत केलेला झिरकोनिया समोरच्या दाताशी पोर्सिलेनपेक्षाही सौम्यपणे वागतो, असे प्रयोगशाळेतील आणि रुग्णांवरील निरीक्षणांत आढळले आहे.

अडचण कॅप बसवण्याच्या दिवशी निर्माण होते. डॉक्टर निळा किंवा लाल कागद दातांमध्ये धरून आपल्याला चावायला सांगतात, जिथे ठिपका गडद उमटतो तिथे हिऱ्याचे कण असलेल्या बरने, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या बारीक टोकाने, कॅप थोडी घासतात. घासलेली ती जागा कानशीसारखी होते. त्यानंतर खास रबरी चाकांनी ती टप्प्याटप्प्याने पुन्हा गुळगुळीत करायला हवी. या कामाला फार तर पाच-सात मिनिटे लागतात, पण दिवसभराच्या गर्दीत नेमकी तीच मिनिटे वाचवण्याचा मोह होतो, हे मी आमच्या व्यवसायाविषयी खेदाने लिहिते आहे. वरून दिलेल्या काचेच्या चकाकीवर विसंबूनही चालत नाही, ती चकाकी काही महिन्यांत निघून जाते आणि खालचा पृष्ठभाग उघडा पडतो.

जिभेचे टोक कॅपच्या चावण्याच्या पृष्ठभागावरून सावकाश फिरवून पाहा. एखाद्या जागी बारीक वाळू लागल्यासारखे वाटले तर डॉक्टरांकडे जाऊन ती जागा पॉलिश करून घ्या, कॅप काढावी लागत नाही. मात्र शिवशिवण्याचे कारण दुसरेही असू शकते. कॅप केसभर उंच राहिली असेल तर खालच्या दाढेवर प्रत्येक घासाला जादा भार येतो. खालच्या दाढेची हिरडी उतरली असेल किंवा तिला कीड लागली असेल तर कॅपचा काहीच दोष नाही. मिश्री लावण्याची सवय असल्यास तीही थांबवावी, तिच्या खरबरीतपणाने दाताची मुळाकडची बाजू झिजते. एक्स-रे काढल्याशिवाय झिरकोनियावर ठपका ठेवू नये.

प्रश्न : माझी खालची शेवटची दाढ झिरकोनियाच्या कॅपने झाकली आहे. कॅप अखंड आहे, पण सहा महिन्यांत दोनदा जशीच्या तशी निघून हातात आली. पुन्हा बसवावी की नवी करावी? — एक वाचक, फोंडा

उत्तर : झिरकोनियाच्या कॅपबाबत ही तक्रार नेहमीची आहे, कारण ती फुटत नाही, निसटते. शेवटच्या दाढा मुळातच बुटक्या असतात. कॅपसाठी वरून घासल्यावर भिंतीची उंची तीन-चार मिलिमीटरच उरली आणि त्या भिंतीही फार निमुळत्या झाल्या, तर कॅपला पकडायला काही राहत नाही. टोपली पालथी घालून ती वाऱ्यात टिकावी अशी अपेक्षा करण्यासारखे ते होते.

दुसरे कारण चिकटवण्याच्या पद्धतीत असते. लिथियम डायसिलिकेटची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरवडून घेता येते आणि मग रेझिन सिमेंट तिच्यात घट्ट मुरते. झिरकोनियात काच नसल्याने त्यावर त्या आम्लाचा उपयोग होत नाही. त्याची आतली बाजू अॅल्युमिनाच्या बारीक कणांच्या हलक्या फवाऱ्याने तयार करावी लागते आणि फॉस्फेट गट असलेला विशिष्ट प्रायमर, म्हणजे सिमेंटच्या आधी लावायचा द्रव, लावावा लागतो. तोंडात कॅप घालून पाहताना आत लाळ लागली तर लाळेतील फॉस्फेट ती जागा आधीच अडवून बसते, म्हणून चिकटवण्यापूर्वी आतली बाजू पुन्हा साफ करावी लागते. शेवटच्या दाढेपाशी जीभ, गाल आणि लाळ यांना दूर ठेवणे हेच मुळात कष्टाचे काम आहे.

तिसऱ्यांदा तशीच बसवून घेण्याऐवजी डॉक्टरांना दोन गोष्टी पाहायला सांगा : खालच्या दाताला कीड तर लागली नाही ना, आणि भिंतींची उंची किती आहे. कीड नसेल व उंची पुरेशी असेल तर योग्य तयारी करून तीच कॅप पुन्हा बसेल. उंची कमी असेल तर हिरडीची कड थोडी खाली नेऊन दात उघडा करता येतो, किंवा भिंतींवर उभ्या खाचा करून नवी कॅप बनवता येते. मधल्या काळात कॅप छोट्या डबीत जपून ठेवा, आणि घरातल्या कोणत्याही डिंकाने ती स्वतः चिकटवू नका. तसे केलेल्या रुग्णांचे कॅपच्या आतले वाळलेले थर मी सुईने खरवडून काढले आहेत, आणि त्यांतल्या काही कॅप त्यानंतर दातावर पूर्ण बसल्याच नाहीत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि डिसेंबरात दोन आठवडे पुण्यात येणार आहोत. दोन दाढांवर कॅप करून घ्यायच्या आहेत. एकाच दिवसात यंत्रावर कोरून देणाऱ्या कॅप विश्वासार्ह असतात का? — एक वाचक

उत्तर : असतात. १९८५ साली झुरिकमध्ये पहिल्यांदा रुग्णाला खुर्चीतच बसवून संगणकाच्या साह्याने सिरॅमिकचे काम करून दिले गेले, तेव्हापासून ही पद्धत खूप सुधारली आहे. तोंडात कॅमेरा फिरवून माप घेतात आणि ठोकळ्यातून कॅप कोरतात. लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा कोरताना जांभळट-निळा असतो आणि भट्टीत सुमारे ८५० अंशांवर तापल्यावर दाताच्या रंगाचा होतो. झिरकोनिया खडूसारखा मऊ असताना साधारण २० ते २५ टक्के मोठा कोरतात आणि सुमारे १५०० अंशांवर भाजताना तो आकसून मापात येतो, म्हणून त्याला बहुधा अधिक वेळ लागतो.

मला काळजी वेगळीच वाटते. त्या दाढांचे रूट कॅनाल, जुनी कीड, हिरडीची सूज हे सगळे दोन आठवड्यांत कोंबू नका. ती कामे तिकडे आधी उरकून, एक्स-रे आगाऊ पाठवून या, आणि कॅप पहिल्या आठवड्यातच बसवून घ्या, म्हणजे उंच-सखल वाटल्यास दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त करता येईल. कॅपचा पदार्थ, प्रत आणि चिकटवण्याचे सिमेंट यांची लेखी नोंद मागून घ्या. पुढे तिकडच्या डॉक्टरांना तिचाच उपयोग होईल.

प्रश्न : माझ्या झिरकोनिया कॅपसोबत १५ वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड मिळाले आहे. म्हणजे आता त्या दाढेने नळी फोडायला, सुपारी खायला हरकत नाही ना? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हरकत आहे. ते कार्ड कॅप बनवणाऱ्या लॅबने किंवा कंपनीने कॅपपुरते दिलेले असते. कॅप फुटली तर ते नवी देतील, पण तिच्या खालची दाढ चिरली, कॅपच्या कडेला कीड लागली किंवा हिरडी खराब झाली तर त्या कार्डाचा उपयोग नाही. रूट कॅनाल झालेल्या दाढेवर नळी फोडताना कॅप बहुधा वाचते आणि मूळ चिरते, ही त्यातली खरी हानी आहे. आमच्याकडे येणाऱ्या निकामी कॅपपैकी कितीतरी कॅप धुऊन ठेवल्या तर नव्यासारख्या दिसतील, आतला दात मात्र काळा पडून मऊ झालेला असतो.

सुपारी तर कॅप नसलेल्या दातांनीही खाऊ नये. दातांच्या भेगांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ती तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते.

सकाळी उठल्यावर जबडा जड वाटत असेल किंवा आपण झोपेत दात खाता असे घरच्यांनी सांगितले असेल, तर रात्री घालण्याचे संरक्षक आवरण बनवून घ्या. कॅपची कड जिथे हिरडीला भेटते तिथे रोज रात्री ब्रश तिरका धरून घासा, दोन दाढांच्या फटीतून दोरा किंवा फटीत बसेल असा छोटा ब्रश फिरवा, आणि वर्षातून एकदा दाखवायला जाताना कॅपच्या कडा तपासायला आवर्जून सांगा. कड डॉक्टरांच्या तपासणीच्या आकड्याच्या टोकाला अडू लागली असेल तर ती त्याच भेटीत लक्षात येते, दुखू लागेपर्यंत थांबावे लागत नाही.